चार घड्यांचा पिझ्झा

आनिएल्लोच्या पिझ्झाघरात सकाळचा पहिला पिझ्झा गिऱ्हाइकाला मिळत नसे. तो मालकाचा. शटर वर गेलं की भट्टीच्या तोंडाशी उभं राहायचं, पिझ्झा हातात घेऊन त्याच्या चार घड्या घालायच्या आणि सगळ्यांसमोर, उभ्याउभ्या, जीभ भाजत असताना पहिला घास घ्यायचा. कणीक नीट आंबली की नाही आणि भट्टी पुरती तापली की नाही, ते त्या घासात कळतं. ही रीत आनिएल्लोच्या आजोबांनी घातली, बापाने पाळली आणि आनिएल्लोने तिची काठी केली. ती काठी तो वर्षानुवर्षं पोटच्या पोरीच्या पाठीत घालत आला होता.

पोरीचं नाव असुंता. लहानपणापासून किरकोळ, पोट तेवढं फुगलेलं, चेहरा पांढराफटक. आनिएल्लो म्हणायचा, पोरीच्या अंगात रक्त नाही, तिला अजून एक पिझ्झा घाला. घालत गेले आणि ती वाळत गेली. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला ती वर्गात कोसळली, तेव्हा दवाखान्यात निदान झालं की तिला सेलिअ‍ॅकचा आजार आहे. गव्हातला जो चिकटपणा, ज्याला ग्लूटेन म्हणतात, तो तिच्या आतड्यांना विषासारखा. आयुष्यभर गव्हाचा कणही पोटात जाता कामा नये.

नेपल्समध्ये पिझ्झेवाल्याच्या घरात हे ऐकायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला माहीत. आनिएल्लो आधी हसला, मग महिनाभर पोरीशी बोलला नाही आणि मग त्याने गल्लीभर सांगून टाकलं की दोष बायकोच्या माहेरचा आहे. "फिलोमेना डोंगरातली. तिकडे चेस्टनट दळून भाकऱ्या थापतात. त्या रक्तात गहू कसा मुरणार?" फिलोमेना गल्ल्यावर बसून हे ऐकायची आणि गिऱ्हाइकांना सुटे पैसे द्यायची.

असुंताला भट्टी हवी होती. तिच्या बरोबरीच्या मुलींना नवरा हवा होता, समुद्र दिसेल अशी बाल्कनी हवी होती. तिला भट्टी हवी होती, आणि तिचा हातही त्या कामाला बसलेला होता. कणकेला नुसतं बोट लावून ती सांगायची की अजून तासभर थांबा. तिचा भाऊ बियाजो दुकानात जांभया देत यायचा आणि स्कूटरच्या गप्पा मारत जायचा. तरी ती भट्टीचं नाव काढायची तेव्हा बापाचं उत्तर ठरलेलं असायचं. ज्याला पहिला घास गिळता येत नाही त्याच्या हातात या भट्टीत पिझ्झा सरकवायचं फावडं जाणार नाही.

मग तिने मागची खोली घेतली. टोमॅटोचे डबे हलवले, छोटी विजेची भट्टी बसवली, आपली परात, आपला एप्रन, आपले रुमाल वेगळे केले आणि दार घट्ट लावून घेतलं, कारण पुढच्या बाजूला मैदा हवेत उडतो आणि कुठेही बसतो. तांदळाच्या पिठाचा पिझ्झा केला, तो पापडासारखा मोडला. मक्याचा केला, त्याचा भुगा झाला. बटाट्याचं सत्त्व घातलं तर दाताला चिकटायला लागला. चिकटपणाशिवाय कणीक एकत्र राहत नाही आणि चिकटपणाच तर तिला वर्ज्य. शेवटी कुठूनतरी कळलं म्हणून तिने इसबगोल भिजवून घातलं, आणि पहिल्यांदा गोळा गोळ्यासारखा राहिला. आनिएल्लोने इसबगोलाचा डबा पाहिला आणि तो उचलून पुढे आणून सगळ्यांना दाखवला. "गिऱ्हाईक आधी खाणार आणि मग धावणार," तो म्हणाला. त्या दिवशी बियाजो हसता हसता खुर्चीवरून पडला.

तिने सोडलं नाही. आईच्या माहेरून मूठभर चेस्टनटचं पीठ आणून मिसळलं. त्याने बेसला गोडसर वास आला आणि काठावर भट्टीतल्यासारखे काळे ठिपके उठले. ही कणीक ताणता येत नाही, हवेत भिरकावता येत नाही. तेलाच्या बोटांनी थालीपिठासारखी थापावी लागते. थापायला ती शिकली. पण घड्या घातल्या की बेस तडकायचा. पहिली घडी निभायची, दुसऱ्या घडीला मधोमध चीर. असा किती माल तिने फेकला ते फिलोमेनाला माहीत, कारण कचरा तीच बाहेर न्यायची.

एक दिवस चार घड्या घातल्या आणि चीर पडली नाही. असुंता तो पिझ्झा दोन्ही हातांवर घेऊन पुढे आली. आनिएल्लोने काठ दाबला, वास घेतला, उलटून खालची बाजू पाहिली. बराच वेळ पाहिली. मग म्हणाला, "चांगला झालाय. कुणी आजारी असेल त्याला नेऊन दे."

आजारी लोक आपणहून आले. ज्यांना गहू चालत नाही अशा माणसांना त्या शहरात काय वाटत असेल याचा विचार करा. सगळी गल्ली हातात घडी घेऊन चालतेय आणि आपण पाकिटातली तांदळाची चकती चघळतोय. असे लोक ट्राम बदलून, बस बदलून असुंताच्या खोलीत यायला लागले. त्यात एक मार्त्सिया होती, दुधाचे दात पडलेली, हातापायाच्या काड्या झालेली पोर. तिची आई तिला दर गुरुवारी आणायची. मार्त्सिया टेबलाखाली पाय हलवत खायची आणि प्रश्न विचारायची. एकदा तिने विचारलं, पुढच्या खोलीतला पिझ्झा तोंडातून बाहेर ओढला की लांब लांब ताणतो, आपला का नाही ताणत? असुंता म्हणाली, आपला शहाणा आहे, तो दातांशी भांडत नाही. पोरीला ते पटलं नाही. ती दाराच्या फटीतून पुढच्या लोकांचे जबडे बघत बसायची.

गेल्या उन्हाळ्यात आनिएल्लो भट्टीसमोर चक्कर येऊन पडला. त्याआधी वर्षभर तो वाळत चालला होता, तोंडात फोड येत होते, जिना चढताना धाप लागत होती, आणि लोक म्हणत होते की वय झालं. असुंताने त्याला तिच्याच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी रक्त तपासलं, नळी घालून आतडं पाहिलं आणि बापलेकीला समोर बसवून सांगितलं की तुम्हालाही तोच आजार आहे. "घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्या, असं मी तेव्हाच म्हणाले होते," बाई म्हणाल्या. "मुलीला हा तुमच्याकडून आलाय."

असुंताला त्या क्षणी आनंद झाला. असा आनंद होऊ नये, पण झाला, आणि तो तिने चेहऱ्यावर दिसू दिला. आनिएल्लोने तो पाहिला.

 परतीच्या वाटेवर घर जवळ आल्यावर आनिएल्लो म्हणाला की हे कुणाला कळता कामा नये, तुझ्या आईलाही नाही. आणि उद्यापासून माझा पहिला पिझ्झा तुझ्या पिठाचा कर.

"मग भट्टी मला द्या," असुंता म्हणाली.

"सांत अंतुओनोच्या दिवशी देतो. सगळ्यांसमोर देतो."

सांत अंतुओनो हा विस्तवाचा संत, म्हणून पिझ्झेवाल्यांचाही. जानेवारीत त्याच्या दिवशी गल्लीत जुनं फर्निचर पेटवून मोठी होळी करतात. तोवर थांबायला असुंता तयार झाली. रोज शटर उघडायच्या आधी, भट्टी झाडून घेतल्यावर, ती आपला पिझ्झा वेगळ्या पत्र्यावर ठेवून आत सरकवायची. शटर वर गेलं की आनिएल्लो तो उचलायचा, चार घड्या घालायचा, घास घ्यायचा, डोळे मिटायचा. लोक बघायचे. आणि रोज, पोरीच्या हातचं पोरीच्या पिठाचं खाऊन तोंड पुसता पुसता, तो मोठ्याने म्हणायचा, "याला म्हणतात पिझ्झा. मागच्या खोलीत मिळतं ते औषध."

हा माणूस नुसतं एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण त्याच्या अंगावर मांस चढलं, गाल भरले, तसा त्याला जोर आला. मागच्या खोलीतल्या गिऱ्हाइकांना तो रुग्ण म्हणायला लागला. दारात मार्त्सिया दिसली की ओरडायचा, "असुंता, वॉर्डात पेशंट आलाय." लोक म्हणायचे, बघा, मैदा खाऊन म्हातारा कसा टवटवीत झाला. असुंता ओठ चावून थापत राहायची. जानेवारी येऊ दे, एवढंच ती मनाशी म्हणायची.

जानेवारी आला. त्या दिवशी सकाळपासून गल्लीत मोडक्या खुर्च्यांचा आणि पलंगांच्या फळ्यांचा ढीग रचला होता. भट्टीवर संताची तसबीर आणि तसबिरीपुढे मेणबत्ती. शहरातले चार नावाजलेले पिझ्झेवाले पाहुणे म्हणून आले होते. असुंताने नेहमीसारखा आपला पत्रा भट्टीत सरकवला आणि पाद्रीबाबा होळीवर मंतरलेलं पाणी शिंपडायला आले म्हणून ती ते बघायला दारात गेली. परत आली तेव्हा पिझ्झा आनिएल्लोच्या हातात होता, चार घड्या घालून झाल्या होत्या. त्याने संताच्या तसबिरीला तो दाखवला, घास घेतला आणि सावकाश चावला.

"माझ्या आजोबांची कणीक," तो म्हणाला. "ज्याच्या घशाखाली ही उतरते, तो या भट्टीचा मालक. मी थकलो. आजपासून फावडं बियाजोच्या हातात."

टाळ्या पडल्या. बियाजोने फावडं घेतलं आणि ते कुठे ठेवावं ते न कळून बघत राहिला. असुंता हलली नाही. बापाने शब्द फिरवला याचं तिला नवल वाटलं नाही, तिला संताप आला, आणि त्या संतापातही तिचं डोकं चाललं. या माणसाच्या हातातला पिझ्झा तिचा होता. तो घेऊन तिने सगळ्यांसमोर खाल्ला की संपलं. तिला गहू चालत नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत. ती खाऊन उभी राहिली की लोक आपसूक विचारतील, मग इतके दिवस म्हातारा काय खात होता?

ती पुढे झाली आणि तिने बापाच्या हातातून उरलेला तुकडा काढून घेतला. गल्ल्यावरून फिलोमेना म्हणाली, "असुंता, नको." असुंताने मोठा घास तोडला.

घास तुटेना. दातांनी ओढलं तर तो ताणला, ताणून परत मागे गेला, जिभेला मऊ लागला आणि पुन्हा ताणला. पंधरा वर्षं झाली होती तरी तिला एका घासात कळलं. हा गव्हाचा होता. तिची नजर भट्टीच्या आत गेली. तिथे कडेला तिचा पत्रा जसाच्या तसा होता आणि त्यावर तिचा पिझ्झा जळून कोळसा होत होता.

आनिएल्लोने उन्हाळ्यापासून रोज माणसांना फसवलं होतं. पण संताच्या दिवशी, संताच्या तसबिरीसमोर खोटा पिझ्झा खायची त्याची छाती झाली नाही. माणसांना फसवलं तर संताकडे माफी मागता येते, संतालाच फसवलं तर कुणाकडे जायचं, असा त्या गल्लीतला धर्म. म्हणून आज त्याने स्वतः मैद्याचा गोळा ताणला होता आणि पोटाची फिकीर न करता खाल्ला होता. तो आता पोरीकडे बघत होता. थुंक, एवढा एक शब्द त्याने बोलायचा होता. तो बोलला नाही. ती कधी थुंकते याची तो वाट बघत होता.

आणि तो पिझ्झा चांगला होता. हे तिला सगळ्यात जास्त लागलं. तिने इतकी वर्षं जे थापलं, भिजवलं, मोडलं, फेकलं, त्यातलं काही याच्या जवळपासही नव्हतं. तिने घास गिळला. मग दुसरा तोडला, तोही गिळला. हातातला तुकडा संपेपर्यंत ती बापाच्या डोळ्यात बघत खात राहिली.

"उतरला घशाखाली," ती म्हणाली. "आता फावडं द्या."

 मग कुणीतरी म्हातारी छातीवर क्रूस काढत म्हणाली, "सांत अंतुओनोने पोरीला बरं केलं." बस, एवढं पुरलं. ज्या शहरात एका संताचं बाटलीत जपलेलं सुकं रक्त चमत्काराने पातळ होण्याची वाट बघत हजारो लोक चर्चमध्ये उभे राहतात, तिथे एका पोरीचं पोट बरं होणं म्हणजे काय मोठंसं. बायका रडायला लागल्या, पाद्रीबाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बियाजोने फावडं तिच्या हातात दिलं आणि त्याला हायसं वाटलेलं स्पष्ट दिसलं. त्याला आता पहाटे उठायची गरज नव्हती. तसबिरीसमोर घडलेला चमत्कार खोटा म्हणायचा तर आनिएल्लोला सगळंच सांगावं लागलं असतं. त्याने पोरीला मिठी मारली. मिठीत तिच्या कानाशी म्हणाला, "बघू किती दिवस गिळतेस."

बाहेर होळी पेटली, गाणी सुरू झाली. दुकानात संडास एकच. तासाभराने बाप आत होता आणि लेक बाहेर भिंतीला टेकून, पोट दाबून, दात आवळून उभी होती. फिलोमेनाने एकदा बंद दाराकडे पाहिलं, एकदा पोरीकडे पाहिलं, आणि तिला काय कळायचं ते कळलं. पंधरा वर्षं जिच्या माहेरच्या रक्ताचा उद्धार झाला ती बाई गल्ल्यावर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी असुंता पहाटे आपला पत्रा घेऊन आली, तर आनिएल्लो आधीच येऊन बसला होता. त्याने गोळा ताणून ठेवला होता. मैद्याचा. शटर वर गेलं. चमत्कार बघायला निम्मी गल्ली आलेली. त्याने स्वतः पिझ्झा काढून तिच्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मालकीणबाई, पहिला घास."

असुंताने चार घड्या घातल्या. मग पिझ्झा मधोमध फाडला आणि अर्धा त्याच्यापुढे धरला.

"पप्पा, तुमच्याआधी मी कशी खाऊ?"

लोकांचे डोळे भरून आले. आनिएल्लो नाही म्हणू शकत नव्हता, जन्मभर पहिला घास त्याचाच होता. त्याने अर्धा घेतला. दोघं भट्टीच्या तोंडाशी समोरासमोर उभी राहून चावत राहिली. तेव्हापासून रोज हेच चाललं. त्याच्या तोंडात पुन्हा फोड आले, तिचे केस गळायला लागले, आणि कुणीच आधी हात मागे घेईना. गल्लीत आया आपल्या मुलींना दाखवायच्या, बापलेकीचं प्रेम असावं तर असं.

मागच्या खोलीचं दार बंद झालं. बरी झालेली बाई औषधाचा पिझ्झा कशाला करेल, असं आनिएल्लोच लोकांना सांगायचा. ट्राम बदलून आलेले लोक दार वाजवून परत जायचे. असुंता भट्टीवर होती. तिला जे हवं होतं ते तिच्या हातात होतं, फावड्याचा दांडा तिच्या हाताला बसला होता.

फेब्रुवारीत एका गुरुवारी सकाळी शटर वर गेलं तर मार्त्सियाची आई सगळ्यांच्या पुढे उभी. मार्त्सियाला तिने चर्चचा फ्रॉक घातला होता, केसांना रिबीन बांधली होती. तिला मागची खोली नको होती. आम्ही नऊ दिवस संताची प्रार्थना केली, ती म्हणाली. ज्या हाताने तुम्ही बरं होऊन घास घेतलात त्याच हाताने हिला द्या.

"असुंताताई, पहिल्या पिझ्झातला द्या," ती म्हणाली. "अगदी थोडा."

असुंताच्या हातात चार घड्यांचा पिझ्झा होता, अजून वाफ येत होती. तिने बापाकडे पाहिलं. बापाने तिच्याकडे पाहिलं. दोघांनाही माहीत होतं या पोरीचं पोट म्हणजे काय, गेल्या वर्षी चुकून बिस्किटाचा तुकडा गेला तर ती आठवडाभर दवाखान्यात होती. हे गव्हाचं आहे, हिला देऊ नका, मीही बरी नाही. एवढं बोलायला किती वेळ लागतो? ती बोलली की भट्टी गेली. तो बोलला की त्याचं नाव गेलं. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली, दुसरा बोलेल म्हणून.

गल्ल्यावर फिलोमेना उठून उभी राहिली, तिची खुर्ची मागे पडली. पण मार्त्सियाच्या आईने थांबायचं काही कारण नव्हतं. तिने असुंताच्या हातातल्या पिझ्झाचा काठ स्वतःच तोडला, त्यावर फुंकर घातली आणि पोरीच्या तोंडाशी नेला. असुंताने हात मागे घेतला नाही.

मार्त्सियाने चावलं. दातांत धरून तिने तुकडा हाताने बाहेर ओढला, तो लांब लांब झाला, आणि तिचा चेहरा उजळला.

"मम्मा, बघ," ती भरल्या तोंडाने म्हणाली, "ताणतोय."